सोबत आलेल्या बाईचं दुखणं

संपादकांचा फोन आला, "साळवे सिस्टर, तुमच्या रुग्णसेवेबद्दल दिवाळी अंकासाठी लिहा." मी म्हटलं, सेवा मी रविवारी चर्चमध्ये करते आणि तीसुद्धा सतरंज्या घालण्याची. दवाखान्यात केली ती नोकरी. पगार घेतला, रजेसाठी भांडले, ड्यूटी कुणाची यावरून दोघीतिघींशी अबोला धरला. संपादक हसले आणि म्हणाले, मग नोकरीबद्दलच लिहा. आता ते हसले म्हणून मी लिहितेय, नाहीतर माझा हात इंजेक्शनचा, पेनाचा नाही.

शिरूरला मिशनच्या आवारात वाढले, तिथंच नर्सिंगचं वेड लागलं, आणि सगळी नोकरी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत फिरून काढली. तळेगाव ढमढेऱ्याला असताना एक गोष्ट पहिल्यांदा कळली. बाजाराच्या दिवशी बायकांची ओपीडी फुगायची. आजार काही बाजार बघून येत नाही. पण बाईला घराबाहेर पडायला निमित्त लागतं, आणि मेथीची जुडी हे दुखण्यापेक्षा केव्हाही चांगलं निमित्त. आम्ही दिलेल्या गोळ्या पिशवीच्या तळाशी जायच्या, वर वांगी, त्यावर कोथिंबीर. मी स्वतः कितीतरी पिशव्या अशा नीट लावून दिल्या आहेत.

आमच्या कामाचं बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं, म्हणून थोडं सांगते. बाई तपासायला आली की आधी तिला चार प्रश्न विचारायचे असतात. पाळी कधी आली, अंगावरून जातं का, दिवस राहण्याची शक्यता आहे का, मागची बाळंतपणं कशी झाली. एवढंच. पण आमच्याकडं चाल अशी की पहिला प्रश्न, "लग्न झालंय का?" आणि तोही केसपेपरच्या खिडकीतून, मागं चाळीस माणसं उभी असताना. आता लग्नाचा आणि दिवस राहण्याचा संबंध किती, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शिकवतात. परीक्षा झाली की सगळे विसरतात.

रांजणगावच्या कंपन्यांत कामाला लागलेल्या पोरी खोल्या घेऊन राहायला लागल्या तेव्हाची गंमत. एक पोर आली, गळ्यात मंगळसूत्र, पांढरं जातंय म्हणाली. पंधरवड्यानं दुसरी आली. मग तिसरी. तिसरीच्या गळ्याकडं बघून मला हसू आवरेना. काळ्या मण्यांत एक मणी निळा होता, आणि तो निळा मणी मी तिसऱ्यांदा बघत होते! म्हटलं, "पोरी, हे मंगळसूत्र तुझ्याआधी दोनदा तपासून गेलंय. त्याला काही झालेलं नाही. पुढच्या वेळी घरी ठेव आणि तू एकटी ये." ती आधी पांढरी पडली, मग इतकी हसली की बाहेरच्या बायका डोकावल्या. त्या दिवसापासून मी 'लग्न झालंय का' हा प्रश्न बंद केला. वरच्यांनी विचारलं तर सांगायचे, विसरले.

आणि त्या कलाकेंद्रातल्या बाईचं काय सांगू. यवतच्या पुढं हायवेला लावणीची केंद्रं आहेत, तिथली एक कलावंतीण पोट दुखतंय म्हणून आली. बाकावर बसली तर बाकीच्या बायका सरकत सरकत पार टोकाला. शेवटची तर अर्धी खाली लोंबत होती. मी हातातली कामं टाकली आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत तिच्या शेजारी जाऊन बसले, मांडीला मांडी लावून. ती हळूच म्हणाली, "शिष्टर, आमच्याकडं बघायला समदे येतात. विचारपूस करायला कोन न्हाई येत." मी तिथंच बसून विचारपूस सुरू केली, कुठं दुखतंय, कधीपासून. अपेंडिक्स निघालं, वेळेत पुण्याला गेली, बरी झाली. टोकाला बसलेल्या बायकांपैकी एकीनंही तिचं पुढं काय झालं हे विचारलं नाही, हे अजून मला डाचतं.

पण आज सांगायची आहे ती गोदाबाईंची गोष्ट.

मी तेव्हा एका ग्रामीण रुग्णालयात होते, नाव सांगत बसत नाही, आणि माणसांची नि त्यांच्या गावाचीही नावं बदलली आहेत. सेवानिवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. आठवड्यातून दोनदा स्त्रीरोगाच्या डॉक्टर मॅडम यायच्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण हाताला आणि जिभेला गोड. आम्हा दोघींची एक युक्ती ठरलेली होती. आमच्याकडं बाई दवाखान्यात एकटी येत नाही. सोबत सासू, नाहीतर नणंद, नाहीतर आई. आणि प्रश्न पेशंटला विचारला की उत्तर सोबतीण देते. "पाळी कधी आली?" "एकादशीच्या आदल्या दिवशी आली तिला." अगं, तुला विचारलं का? पण सोबतिणीला बाहेर जा म्हटलं तर ती फणकारते, आणि घरी गेल्यावर त्याचा वचपा सुनेवर निघतो. म्हणून मी म्हणायचे, "मावशी, तुमचा चेहरा उतरलाय. चला, बीपी बघू तुमचं." बीपीला नाही म्हणणारी बाई मला दोन तालुक्यांत भेटली नाही. मी तिला शेजारच्या ड्रेसिंगच्या खोलीत नेऊन पट्टा गुंडाळायचे, पंप मारायचे, परत सोडायचे, परत मारायचे. तेवढ्यात मॅडम आत सुनेशी निवांत बोलून घ्यायच्या. या युक्तीचा मला भारी गर्व होता. नव्या नर्सेसना मी ती शिकवायचे, अगदी वाटीत तूप घालून द्यावं तशी.

गोदाबाई मांडवगण फराट्याच्या. घरचा ऊस, थोडा कांदा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. साठीची बाई, काटक, नाकात मोठी चमकी, आवाज असा की ओपीडीत बोलली तर एक्स-रेवाल्याला ऐकू जावा. सोबत सून, वैशाली. नाजूक, पण डोळे हुशार. कंपनीत पॅकिंगला होती. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही.

"हिला दाखवायचं हाय," गोदाबाई म्हणाल्या. "दिस जात न्हाईत. नीट बघा, वरवर बघू नका."

झालं. मी मनात म्हटलं, आली ठसकेबाज सासू. लगेच युक्ती काढली, "मावशी, चला बीपी बघू." त्या आल्या खऱ्या, पण दारापाशी घुटमळत, मागं मॅडमच्या खोलीकडं बघत. स्टुलावर बसा म्हटलं तर म्हणाल्या, उभ्यानंच बघा. मला वाटलं, सरकारी स्टुलावर बसायला बाईंना कमीपणा वाटतोय. मीही हट्टानं बसवलं तेव्हा एका मांडीवर तिरक्या टेकल्या. बीपी उत्तम. माझ्यापेक्षा चांगलं.

तिकडं वैशालीनं मॅडमना सांगितलं, मूल सध्या नकोच आहे. कंपनीत पक्कं व्हायचंय, तोवर थांबायचंय, गोळ्या द्या. मॅडमनी दिल्या. मला डोळ्यांनीच खूण केली, म्हणजे गुपित आहे. मी समजले. सासूला वाटतंय मूल व्हायची ट्रीटमेंट चालू आहे आणि सून घेतेय थांबायच्या गोळ्या. म्हटलं वा, पोर खमकी आहे! आपण हिला सांभाळायचं.

पुढच्या महिन्यात त्या दोघी परत आल्या. परत बीपी. या वेळी गोदाबाई म्हणाल्या, "शिष्टर, मॅडमशी मला जरा बोलायचं व्हतं." मी म्हटलं, "मी सांगते ना सगळं नीट, तुम्ही काळजी करू नका," आणि पट्टा आणखी आवळला. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की आता आठवलं तरी मला स्वतःचाच राग येतो.

तिसऱ्या वेळी मी पट्टा गुंडाळत होते तेवढ्यात मॅडमच्या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि वैशाली तडक ड्रेसिंगच्या खोलीत. चेहरा लाल. "सिस्टर, तुम्ही आत्यांना दर वेळी इकडं का आणून बसवता हो? त्यांनाच तर दाखवायचंय! जीपनं एवढं लांब येतो आम्ही, आणि तुम्ही आपलं बीपी, बीपी!"

"गप ए!" गोदाबाई ओरडल्या. "मला काय झालंय? तू पेशंट हायस, तू!"

"आत्या, आता पुरे की हो. मी नाही सांगणार तर तुम्ही कधीच सांगणार नाही."

मी दार लावून घेतलं. वैशालीला बाहेर थांबायला सांगितलं. ज्या सुनेसाठी मी सासूला बाहेर काढत होते, त्या सुनेलाच बाहेर काढायची वेळ आली! गोदाबाई भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. मी त्यांना काय होतंय असं विचारलं नाही. बाईला 'काय होतंय' विचारलं की ती 'काय न्हाई' म्हणते. पण आता सगळं माझ्या डोळ्यांसमोर जुळलं होतं. उभं राहणं, तिरकं टेकणं, फेंगडं चालणं, आणि हळदीचा नि खोबरेल तेलाचा एक कोंदट वास, जो आमच्या धंद्यात मुरलेल्या बाईला ओळखता यायलाच पाहिजे होता. मी हळू आवाजात विचारलं, "लघवीला बसताना हातानं आत सारावं लागतं का?"

त्या गर्रकन वळल्या. "तिनं सांगितलं?"

"कुणी नाही सांगितलं. हे पुष्कळ बायकांना होतं."

"पुष्कळ?" त्यांनी असं विचारलं, जणू मी त्यांना पैसे सापडल्याची बातमी दिली. मग त्या भिंतीला टेकल्या आणि एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईचा आवाज पार खोल गेला. धाकटी लेक सुमन झाली, त्या बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी उसाला पाणी धरायला गेल्या, तेव्हापासूनचं. आधी थोडं, मग जास्त. चिंध्यांची घडी बांधायची आणि कामाला लागायचं. अलीकडं तिथं जखम झाली होती, रक्त लागायचं. देवळात जायचं सोडलं, लग्नाला जायचं सोडलं, कारण सतरंजीवर बसायचं कसं आणि वास आला तर काय. गावात लोक म्हणायचे, गोदाबाईला गर्व झालाय. मीही तेच म्हटलं होतं की.

आमच्या भाषेत याला अंग बाहेर येणं म्हणतात. गर्भाशयाला धरून ठेवणारे स्नायू ढिले पडतात आणि ते खाली उतरतं. बाळंतपणानंतर लगेच ओझी उचलली की हे होतं. जिवावरचं दुखणं सहसा नाही. पण जिणं खाऊन टाकतं. आणि उपाय आहे, आधाराला आत बसवायची रिंग आहे, ऑपरेशन आहे, चांगलं होतं. एवढं सगळं असून बायका येत नाहीत. चाळिशी उलटलेल्या बाईनं त्या डॉक्टरकडं जायचं म्हणजे लोक तोंडाला पदर लावून हसतात. त्यात गोदाबाई विधवा. "ह्या वयात, नवरा नसताना, हिला बायकांच्या डाक्टरकडं काय काम? असं इचारत्याल, शिष्टर. पोराला काय सांगू? आईचं काय बाहेर आलंय म्हनून?"

म्हणून दोघींनी मिळून हा घाट घातला होता. वैशालीला मूल इतक्यात नको हे गोदाबाईंना पहिल्यापासून ठाऊक होतं! गावानं, भावकीनं डोकं खाऊ नये म्हणून त्यांनी सांगून टाकलं होतं, सुनेचा दवाखाना चालू आहे. आणि वैशाली म्हणाली होती, दवाखाना चालू आहेच म्हणताय तर चला, माझ्या नावानं जाऊ आणि तुम्ही तुमचं दाखवा. गोदाबाईंनी मात्र तिला शपथ घातली होती, माझ्या दुखण्याचं मीच सांगीन, तू तोंड उघडायचं नाही. दोघींची अळीमिळी गुपचिळी. आम्ही दोघी शहाण्या मात्र त्यांना एकमेकींपासून वाचवत बसलो होतो. मॅडमना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला आणि मग आम्ही दोघी हसलो. हसता हसता मॅडमचे डोळे भरून आले. माझेही.

तपासणी झाली. जखम बरी मोठी होती. मॅडम म्हणाल्या, आधी भरती करून जखम भरून घेऊ, मग ऑपरेशन. गोदाबाईंनी तीन वेळा नाही म्हटलं, आणि चौथ्या वेळी अट घातली: गावात सांगायचं की सून ॲडमिट आहे.

मी म्हटलं, बरं. गुपित पेशंटचं असतं. ते कुणाला, किती, कधी सांगायचं हे ती ठरवणार. हा नियम मी नोकरीभर पाळला. प्रत्येक कागदात खुसपट काढायची सवय असलेल्या आमच्या क्लार्कनं मध्येच काढलं, ऑपरेशनला मुलाची सही लागेल. माझा पारा चढला. म्हटलं, "अंग तिचं, दुखणं तिचं, सही पण तिची. कायद्यात मुलाची लागते असं कुठं आहे ते दाखवा, मी इथंच नोकरी सोडते." त्यांनी काही दाखवलं नाही. मुलाला, गणेशला, वैशालीनं 'आईच्या पोटाचं ऑपरेशन' एवढंच सांगितलं. तो रोज डबा घेऊन यायचा, दाराशी उभा राहून आईकडं बघायचा, आणि काहीच न विचारता जायचा. बिचाऱ्याला विचारायचं कसं हेच कुणी शिकवलेलं नव्हतं.

मग आमच्या वॉर्डात जो तमाशा सुरू झाला तो सांगायलाच हवा. गावातलं कुणी येतंय असं खिडकीतून दिसलं की वैशाली टुणकन खाटेवर आणि गोदाबाई खाली. वैशाली चादर गळ्यापर्यंत ओढून कण्हायला लागायची. इतकं छान कण्हायची की शेजारची खरोखरची बाळंतीण तिच्याकडं बघून ओशाळायची. वॉर्डातल्या बायकांना वाटलं काहीतरी पोलीस केस आहे. मी आपली मूग गिळून.

एके दिवशी दुपारी गोदाबाईंची धाकटी जाऊ आली. कमलबाई. हातात केळी, काखेत पाण्याची बाटली आणि तोंडाचा पट्टा दारातूनच सुरू. वैशाली नेहमीप्रमाणे खाटेवर. गोदाबाई खिडकीचे गज धरून उभ्या. मी पलीकडच्या खाटेवर सलाइन लावत होते.

"काय गं, हाय का काय गुण?" कमलबाईंनी वैशालीला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता जावेकडं वळल्या. "आक्का, किती दवाखानं करायचं? मी तवाच सांगितलं व्हतं. खडकाळ रान हाय हे. कितीबी पानी घाला, उगवायचं न्हाई. तुमी म्हंजी उगी भोळ्या. गनेशला दुसरी बघा आन् हिला धाडा हिच्या आयबापाकडं."

सगळा वॉर्ड ऐकत होता. वैशालीनं तोंड भिंतीकडं केलं. आता ती कण्हत नव्हती. माझ्या जिभेवर जे आलं होतं ते इथं छापता येणार नाही. पण मी बोलले असते तर गुपित फुटलं असतं, आणि ते माझं नव्हतं. मी सलाइनची नळी हातात धरून नुसती उभी.

"आक्का, बोला की."

गोदाबाईंनी गज सोडले. "वैशाली, ऊठ."

"आत्या, राहू द्या."

"ऊठ म्हनते ना पोरी. ती खाट माझी हाय."

आवाज तोच होता, एक्स-रेवाल्यापर्यंत जाणारा. वैशाली उठून बसली. गोदाबाई हळूहळू चालत आल्या, खाटेचा कठडा धरला, आणि जावेच्या तोंडाकडं सरळ बघत म्हणाल्या, "कमळे, माझं अंग बाहेर येतंय. सुमनच्या बाळंतपनापासनं. तू दारात बसून शेंगा फोडायचीस तवा मी हुभी ऱ्हायचे ना, आन् तुमी म्हनायच्या मला माज आलाय? मला बसता येत नव्हतं. आता रगात येतंय. माझं आपरेशन हाय. ही पोर माझी लाज झाकायला सगळ्या गावाचं वांझ म्हनून घेतीया."

कमलबाईंच्या हातातली केळी खाली गेली ती कुणी उचललीच नाहीत. तरी बाई लवकर हार मानणारी नव्हती. म्हणाली, "मंग... मंग हिला पोर का न्हाई?"

"तिला आत्ता नको हाय म्हनून न्हाई. तिचं पोट हाय. तिला कळतंय."

देवाशपथ सांगते, मी इतकी वर्षं पडदे लावले, दारं लावली, हळू आवाजात विचारायला शिकले आणि शिकवलं, आणि ही बाई आपलं सगळ्यांत झाकलेलं दुखणं भर वॉर्डात उघडं करून मोकळी झाली. कशासाठी? सुनेला कुणी बोलू नये म्हणून. मला तिथंच खाली बसून रडावंसं वाटलं. रडले नाही. सलाइन चालू होतं.

मग कोपऱ्यातल्या खाटेवरची एक म्हातारी, यवतकडची, हर्नियासाठी आलेली, कोपरावर उठली आणि विचारती झाली, "बाई, तू काय लावत व्हतीस गं? मी तुरटीचं पानी घेती. पर लई झोंबतं." मी नळी हातात धरूनच तिला म्हटलं, आजी, तुरटी बंद करा, उद्या मॅडमना दाखवते. त्यावर बाळंतिणीची आई हसली, म्हणाली, "झोंबंल न्हाई तर काय!" आणि सगळा वॉर्ड हसायला लागला. गोदाबाई पण. त्या खाटेवर आडव्या झाल्या, आणि वैशालीनं चादर ओढून त्यांच्या गळ्यापर्यंत घातली.

ऑपरेशन नीट झालं. भूल उतरल्यावर पहिला प्रश्न, "पोराला कळलं का?" कळलं होतं. गावात गोष्ट पोचायला जीपसुद्धा लागत नाही. तो डबा घेऊन आला, या वेळी दाराशी थांबला नाही, आत येऊन आईच्या पायाशी बसला. पाय चेपायला लागला. गोदाबाईंनी झोपेचं सोंग घेतलं आणि डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळत गेलं. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

मला आश्चर्य कमलबाईंचं वाटलं. त्या गावाला गेल्याच नाहीत. वैशालीची कंपनीतली ड्यूटी बुडू नये म्हणून जावेपाशी राहिल्या. बेडपॅन उचलला, वेणी घातली, कण्या करून भरवल्या. तोंड चालूच. "आक्का, गिळा, नखरं करू नका." पण मला अजून राग होता. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायचे. मी म्हणायचे ना, आपण कुणाला नावं ठेवत नाही? निळ्या मण्याच्या पोरीला नाही ठेवली, कलावंतिणीला नाही ठेवली. ते सोपं होतं हो. त्या मला आवडल्या होत्या. ही बाई मला आवडत नव्हती.

घरी सोडायच्या दिवशी मी औषधं समजावून सांगितली. ओझं उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, खोकला आला तर लगेच यायचं. वैशाली आणि तिचा नवरा गाडी बघायला गेले. कमलबाई माझ्या मागं मागं ड्रेसिंगच्या खोलीपर्यंत आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या.

"शिष्टर, तुमी त्या दिवशी समदं ऐकलं. मी वैशालीला काय बोलले ते."

"ऐकलं."

"माझी सून माहेरी हाय. लई दिस झालं. पोर होईना म्हनून आमीच धाडली." त्या पदराचं टोक पिळत होत्या. "मीच. पोरगा न्हाई म्हनत व्हता."

काय सांगू, आतून अशी चीड आली. म्हणजे खडकाळ रान हे पहिल्यांदा वैशालीला म्हटलेलं नव्हतं! कुणा दुसऱ्या पोरीवर ते वाक्य घासून घासून धारदार केलेलं होतं. चार शब्द सुनवावेत, त्या पोरीच्या वतीनं सुनवावेत, असं फार वाटलं. पण ती बाई त्याच दाराशी उभी होती, जिथं तोवर कितीतरी बायका घुटमळत उभ्या राहिलेल्या मी बघितल्या होत्या. तिलाही काहीतरी दाखवायचं होतं आणि ते दाखवायला तिच्याकडं दुसरी जागा नव्हती. मी तिला आत घेतलं. दार लावलं. बसा म्हटलं.

"तिला हितं आनू का? मॅडमना दाखवू का?"

"ते मागाहून. तिला दाखवायचंय का, तुमच्याकडं यायचंय का, हे आधी तिला विचारायला पाहिजे. आणि पोरालाही तपासायला लागतं, कमलबाई. नुसतं बाईला नाही."

"पोराला?" त्यांनी पोलक्यातून मोबाइल काढून माझ्यापुढं धरला. "मला वाचता येत न्हाई. सारिका नाव हाय तिचं. लावून द्या."

मी नाव शोधलं, लावला आणि त्यांच्या कानाशी दिला. बराच वेळ वाजत राहिला. मला वाटलं, उचलणार नाही ती, का उचलावा? मग पलीकडून पोरीचा आवाज आला, हॅलो, कोण? परत, हॅलो?

कमलबाईंचा दारातून सुरू होणारा तो तोंडाचा पट्टा कुठं गेला होता कोण जाणे. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "सारिका... जेवलीस का गं?"

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. त्या पोरीनं काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही, आणि कमलबाईंना मी कधी विचारलंही नाही.